कधीपासून?

"कधीपासून?" डॉक्टरांनी एवढंच विचारलं. टेबलावर ठिपकी चारही पाय पोटाखाली ओढून बसली होती. थर्मामीटर नुकताच बाहेर आला होता आणि त्याच्या बोटभर पडद्यावर १०४.४ हा आकडा होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कार्डावर पेन टेकवून ते उत्तराची वाट पाहत होते. मी म्हटलं, "परवापासून जरा गप्प गप्प आहे." म्हणतानाच कळलं की हे उत्तर मी आत्ता, इथे उभ्याउभ्या तयार केलंय. परवा की तेरवा? वाटी शेवटची चाटूनपुसून कधी साफ केली होती तिने? सोमवारी दुपारी खिडकीत होती की नव्हती? सात वर्षं ही मांजर माझ्या पायांत घुटमळतेय, रात्री माझ्या पोटऱ्यांना टेकून झोपतेय, आणि तिचं दुखणं कुठल्या दिवशी सुरू झालं ते मला सांगता आलं नाही. मुलाला ताप आला तर रात्री दोनला किती होता, चारला किती होता, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगू शकते.

"परवापासून," असं त्यांनी लिहून घेतलं.

आदल्या संध्याकाळी मी तिला हात लावून पाहिलं होतं, हे जास्त बोचतं. कपाटामागच्या फटीत जाऊन बसली होती. हात आत घालून कान चाचपले, नाकाला बोट लावलं. कान नेहमीसारखे कोमट, नाक ओलं. "ताप नाहीये," असं मी घरात सांगून टाकलं आणि कामाला लागले. हात लावून ताप बघायला मी आईकडून शिकले. ती पालथा हात आधी कपाळाला लावायची, मग गळ्याशी, मग काखेत बोटं घालायची आणि क्षणभर डोळे मिटायची. मग निकाल यायचा, "कणकण आहे" किंवा "फणफणलंय पोर". थर्मामीटर त्यानंतर निघायचा, आणि बहुतेक वेळा आईचंच खरं ठरायचं. तोच हात मी ठिपकीला लावला होता. पण आईचा काय आणि माझा काय, तो हात माणसांच्या कपाळांवर तयार झालेला.

कार्ल वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी सुमारे २५,००० रुग्णांची तापमानं नोंदवून १८६८ साली पुस्तक काढलं, तेव्हापासून माणसाचे ९८.६ अंश जगभर रुळले. आपल्या हाताला आकडा कळत नसला, तरी त्याचं माप तेच. मांजराचं निरोगी अंग मात्र १००.५ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं, सेल्सियसमध्ये ३८.१ ते ३९.२. ज्या अंगाला हात लावून आईने मला शाळेत जाऊ दिलं नसतं, ते मांजराचं रोजचं, खेळतं-बागडतं अंग. थंडीत तिला पोटाशी घेतल्यावर जी ऊब लागते, जिच्यासाठी आपण तिला झोपेतून उचलून मांडीवर घेतो, ती या वरच्या दोन-तीन अंशांची. आपला हात जिथे ताप म्हणून थबकतो, तिथून तिचं बरं असणं सुरू होतं. त्याच्याही पुढे, १०२ आणि १०४ यांतला फरक, तोही मऊ दाट केसांमधून, कुणाच्या हाताला कळणार?

आणि कान तर फसवेच. कानाची पाळी पातळ, केस विरळ, आत रक्तवाहिन्यांचं जाळं. उन्हात बसली की कान तापणार, फरशीवर लोळली की गार पडणार. उलट ताप चढत असताना शरीर आतली उष्णता राखायला कातडीकडचं रक्त आवरून घेतं, त्यामुळे आत तापाची चढण सुरू असताना कान गारही लागू शकतात. नाकाचं तर काही खरंच नाही. ती दिवसभर जिभेने नाक ओलं करते, म्हणून ओलं. तासभर उन्हात झोपून उठली की कोरडं. मी दोन्हींवर विश्वास ठेवला, कारण मला 'नाहीये' हे ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाण्याआधी चार कामं होती, आणि दवाखान्यात गेलं की ती पिंजऱ्यात जो आक्रोश करते तो मला सोसवत नाही. ही दोन्ही कारणं मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नव्हती.

डॉक्टरांनी मग तिच्या अंगावरून उलट्या दिशेने बोटं फिरवायला सुरुवात केली. मानेपासून, खांद्यांवरून, बरगड्यांवरून. शेपटीच्या मुळाशी आल्यावर ठिपकी वळली आणि तोंडातून आवाजही न काढता नुसता जबडा उघडला. केस बाजूला केल्यावर दोन बारीक खपल्या दिसल्या, मोहरीएवढ्या, आणि भोवती टरारलेली, चकाकणारी कातडी. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक आणि लांब. तो खोल रुततो, पण वरचं छिद्र दिवसभरात मिटून जातं. तोंडातले जंतू आत कोंडले जातात आणि दोन-चार दिवसांत गळू धरतं. बाहेर फिरणाऱ्या मांजरांच्या तापामागे फार वेळा हेच निघतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिथले केस काढले, थोडी गुंगी देऊन चीर दिली. जे बाहेर आलं त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. आणि तो वास येत असताना मला आठवत होतं की सोमवारी आणि मंगळवारी, दोन्ही दिवशी, मी तिच्या पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवला होता, आणि दोन्ही वेळा शेपटीशी येताच तिची कातडी शहारल्यासारखी थरथरली होती. "आज मूड नाही का तुझा," असं मी तिला विचारलं होतं.

ती सांगत होती. तिच्या भाषेत, दोनदा.

मांजर दुखणं लपवतं असं सगळेच म्हणतात, पण त्यामागचं कारण समजल्यावर मला तिचा राग यायचा थांबला. आफ्रिकेतल्या ज्या रानमांजरापासून घरातली मांजरं आली ते एकटं राहणारं, एकटं शिकार करणारं जनावर. आजारी पडल्यावर घास आणून देणारा कळप त्याला नाही, आणि लंगडताना दिसलं की त्याच्याहून मोठं कुणीतरी टपलेलं. विव्हळून मिळणार काहीच नाही, जायचं ते जिवानिशी. म्हणून मांजर विव्हळत नाही. ते रोजच्यातलं एकेक गाळत जातं. उडी मारायची ती जागा सोडतं, अंग चाटणं सोडतं, दाराशी येणं सोडतं. आपल्याला जे दिसायला हवं ते असं नसलेलं असतं, आणि नसलेलं पाहायला डोळ्यांना सवय नसते. ठिपकीची पाठ मंगळवारपासून विस्कटलेली होती, केस पुंजक्या-पुंजक्यांनी उभे राहिले होते. मी ते पाहिलं होतं. पावसाळी हवा असेल, असं मनात म्हटलं होतं.

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न होता, "घरी काही गोळी दिलीत का?" मी नाही म्हटलं आणि माझ्या तळहातांना घाम फुटला. कारण रात्री अकराच्या सुमारास, ती पाण्याच्या वाटीपाशी नुसती डोकं घालून बसलेली दिसली तेव्हा, मी औषधांचा खण उघडला होता. पॅरासिटामॉलची पट्टी हातात घेतली होती. अगदी पाव गोळी, पाण्यात विरघळवून, असं काहीतरी मनात होतं. मुलाने हाक मारली म्हणून खण तसाच लोटला, एवढंच. ज्या गोळीने माझ्या मुलाचा ताप उतरतो, ती एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध पचवून निकामी करायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजराकडे जवळजवळ नाहीच. मग त्याचं विष रक्तात फिरतं, तांबड्या पेशींना प्राणवायू वाहता येईनासा होतो, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांचीही कथा फार वेगळी नाही. मी ही पट्टी परत खणात ठेवली ती कळून-सवरून नाही. माझ्या मायेने तिला कुठवर नेलं असतं, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

डॉक्टरांनी तिला लगेच गार करायचा काही प्रयत्न केला नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. पाण्याच्या पट्ट्या नाहीत, पंखा नाही. तापात शरीर बिघडलेलं नसतं, त्याने स्वतःच आपली खूण वर सरकवलेली असते. जंतूंची चाहूल लागली की मेंदूतलं नियंत्रण ठरवतं की आता १०४ वर राहायचं, आणि मग अंग कापून, आखडून, कोपरा धरून तिथवर पोचतं. बाहेरून पाणी ओतलं तर ते आणखी कुडकुडत पुन्हा तिथेच जायला बघतं. पू निघाला, प्रतिजैविकं सुरू झाली, कातडीखाली सलाईन दिलं, की खूण आपोआप खाली येते. बंद गाडीत किंवा भट्टीसारख्या तापलेल्या खोलीत अडकलेल्या मांजराची गोष्ट निराळी. तिथे शरीर वर जायचं ठरवत नाही, ते हरत असतं. मांजराला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना, त्यामुळे ते कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर वाट बघायची नाही. साध्या पाण्याने अंग भिजवायचं, वारा घालायचा आणि निघायचं. बर्फ नको. १०६ च्या वर आतले अवयव होरपळायला लागतात.

त्या रात्री ठिपकी घरी माझ्याजवळ झोपली आणि मला मात्र गोट्या आठवत राहिला.

गोट्या आमचा बोका, मी अकरा वर्षांची असतानाचा. पांढरा, एका कानावर करडा डाग. एकदा दोन दिवस तो सारखा आपल्या मातीच्या ट्रेमध्ये जायचा, बसायचा, ताणायचा, बारीक ओरडायचा आणि काहीच न होता बाहेर यायचा. पोट साफ होत नसेल, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. तिसऱ्या दिवशी तो पलंगाखाली एका कुशीवर पडून राहिला. मी शाळेतून आल्यावर पोटावर सरपटत आत गेले आणि त्याचा कान धरला. गार होता. पंजा धरला, तोही गार. मला इतकं हायसं वाटलं! धावत जाऊन आईला सांगितलं, "आई, ताप नाहीये त्याला, गार आहे." आईनेही वाकून हात लावला आणि म्हणाली, "पडू दे त्याला निवांत." सकाळी तो तिथेच होता, तशाच कुशीवर.

किती वर्षांनी मला कळलं की त्या दोन दिवसांत काय चाललं होतं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खड्यांची बारीक कणी आणि चिकट स्राव मिळून तिला बूच बसतं, लघवी मागे तुंबते, मूत्रपिंडं थकतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाची गती मंदावत जाते. बोका ताणतोय आणि काही होत नाहीये, हे दिसल्यावर दिवस नाही, तास मोजायचे असतात. आणि तो गारपणा! मांजर कोसळायला आलं की त्याचं तापमान उतरतं, ठोके मंदावतात, रक्तदाब पडतो, तिन्ही बरोबरच. ९९ च्या खाली गेलेलं अंग हे १०४ पेक्षाही जास्त घाबरायचं. आपल्याला सगळ्यांना तापाची भीती शिकवलेली असते, गारव्याची कुणी शिकवत नाही. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचंही तसंच. पहिल्या आठवड्यात त्यांचं अंगच ९५ ते ९९ असतं, ऊब त्यांना स्वतः धरून ठेवता येत नाही, आणि गारठलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही. आधी हळूहळू ऊब, मग दूध. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. 'गार आहे' ही आनंदाची बातमी म्हणून मी घरभर सांगितली होती.

आईला मी हे कधी सांगितलं नाही. तिच्या हातावर तिचा फार विश्वास आहे, आणि माझाही.

आता घरात ठिपकीचा वेगळा डिजिटल थर्मामीटर आहे, टोक लवचीक असलेला. डॉक्टरांनी दाखवलं तसं, तिला टॉवेलमध्ये गुंडाळून आई पुढून डोकं कुरवाळते, मी टोकाला पेट्रोलियम जेली लावून गुदद्वारात इंचभर हलकेच सरकवते आणि बीप होईपर्यंत शेपटी धरून ठेवते. पहिल्या दिवशी दोघींच्या हातांवर ओरखडे उमटले. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की फारच झटापट झाली तर सोडून द्या, भीतीनेसुद्धा पारा चढतो, दवाखान्यातला आकडाही म्हणून थोडा वरचा धरायचा. त्या रात्री १०३.१ होता. दुसऱ्या दिवशी १०१.८. आणि मग, सगळं ठीक झाल्यावर, तीन निवांत सकाळी मी पुन्हा घेतला, नुसतं तिचं स्वतःचं किती ते माहीत असावं म्हणून. १०१.२, १०१.४, १०१.२. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं.

थर्मामीटरपेक्षा मोठी सवय मात्र बघण्याची लागली. झोपली असताना तिच्या कुशीची वर-खाली होणारी हालचाल मोजते. मिनिटाला २२, कधी २४. निजलेल्या मांजराचा श्वास ३० च्या वर जाऊन तिथेच राहिला तर फोन करायचा, हे मनात पक्कं आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून ती पांढुरकी तिसरी पापणी पुढे सरकलीय का ते बघते. जांभई दिली की हिरड्या बघून घेते. वाटीत किती उरलं हे तर रोजच, कारण मांजराने दोन-तीन दिवस खाणं टाकलं की, विशेषतः अंगाने भरलेल्या मांजराच्या, चरबी यकृतात साचायला लागते आणि मूळ दुखण्यावर दुसरं दुखणं बसतं. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाका-तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण, एवढ्या पाच गोष्टी. कान बाजूला वळून सपाट झालेत का, डोळे किलकिले आहेत का, मिशा ताठ पुढे आल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली झुकलंय का. मी ते समजून घेतल्यावर मोबाइलमधले जुने फोटो उघडले. मंगळवारचा एक फोटो सापडला. तिच्या डोळ्यांच्या नुसत्या फटी होत्या, कान पंखांसारखे बाजूला, मान आत. खाली मी लिहून बहिणीला पाठवला होता, "बघ किती गाढ झोपलीय." आणि हो, घुरघुरत होती ती तेव्हा. मांजर सुखात घुरघुरतं तसं दुखण्यातही घुरघुरतं.

या सगळ्यात काहीतरी हरवलंही आहे. पूर्वी माझा हात तिच्या पाठीवरून फिरायचा तो काहीही शोधत नसायचा. आता बोटं आपोआप शेपटीच्या मुळाशी रेंगाळतात, कातडी चिमटीत धरून सोडून बघतात, पटकन सपाट होते की, अंगातलं पाणी कमी झाल्यावर राहते तशी, तंबूसारखी उभी राहते. तिला हा फरक कळतो. कधीकधी ती मान वळवून माझ्या हाताकडे बघते आणि उठून दोन हात पलीकडे जाऊन बसते. मला वाईट वाटतं, आणि ती पलीकडे जाताना मी तिची चालही बघून घेते. आई परवा म्हणाली, "जरा सुखाने जगू दे तिला." खरं आहे तिचं. पण गोट्यालाही आम्ही निवांत पडू दिलं होतं.

दहाव्या दिवशी जखम दाखवायला गेलो. डॉक्टरांनी केस उगवू लागलेली ती गुलाबी जागा दाबून पाहिली, थर्मामीटर लावला, १०१.९, मान हलवली. मी उत्तरं तयार ठेवली होती. पहिल्यांदा नुसता रस्सा चाटला तो गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला. पूर्ण वाटी शुक्रवारी. खिडकीवर उडी शनिवारी सकाळी, दुसऱ्या प्रयत्नात. पण त्यांनी काहीच विचारलं नाही. कार्डावर सही करून ते पुढच्या मांजराकडे वळणार, तेवढ्यात मी म्हटलं, "डॉक्टर, मागच्या वेळी मी परवापासून सांगितलं होतं ना, ते चुकलं होतं. त्याच्या आधीच्या शनिवारी रात्री गच्चीवर बोक्याशी भांडण झालं होतं तिचं. आवाज ऐकला होता मी. रविवारी सकाळी ती दाराशी आली नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कार्ड पुन्हा पुढे ओढलं, आधीचा शब्द खोडला आणि त्याच्यावर लिहिलं, शनिवार रात्र.